इमाबारीला चार रात्री, क्योटोला एक

२०१८ सालच्या नोव्हेंबरात आमच्या कारखान्याने मला जपानला पाठवलं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि मी तिथे डिझाईन मास्टर. नवे एअरजेट माग आणि त्यांच्यावर नक्षी विणणारे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवायचे ठरले होते. माग बनवणाऱ्या कंपनीने नागोयाजवळ दहा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. ते २२ तारखेला, गुरुवारी संपत होतं. परतीचं विमान २८ तारखेला, बुधवारी रात्री, ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून होतं. मधले सहा दिवस माझे. शेठ म्हणाले, "मास्तर, एवढ्या लांब चाललाय, तर थोडं बघून या की. खर्चाचं मी बघतो."

मी आयुष्यभर ग्राफच्या कागदावर काम केलंय. एक चौकडी म्हणजे एक दोरा. भरली तर दोरा वर, रिकामी ठेवली तर खाली. निघायच्या आदल्या आठवड्यात मी तसाच एक कागद घेतला, सहा ओळी आखल्या, एकेका ओळीत चोवीस चौकड्या. झोपेच्या, प्रवासाच्या, जेवणाच्या चौकड्या पेन्सिलीने काळ्या केल्या आणि उरल्या त्या मोजल्या. अठ्ठावन्न निघाल्या. अठ्ठावन्न तास, आणि शहरं दोन. एक क्योटो, दुसरं इमाबारी.

क्योटो सगळ्यांना ठाऊक असतं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने देवळांची, बागांची, बांबूच्या बनाची यादीच पाठवली आणि फोनवर बजावलं, "पप्पा, क्योटोला चार दिवस ठेवा. ते टॉवेलचं गाव एका दिवसात उरका." बायकोचं मागणं एकच होतं. तिने कुठल्याशा मासिकात सोन्याच्या देवळाचं चित्र पाहिलं होतं. "तुम्ही तिथे उभे आहात असा एक फोटो आणा," म्हणाली.

इमाबारीचं नाव आमच्या घरात मला सोडून कोणी ऐकलेलं नव्हतं. मी मात्र ते दहा वर्षांपासून मनात धरून होतो. एकदा एका परदेशी खरेदीदाराने आमच्याकडे नमुना म्हणून एक पांढरा हातरुमाल पाठवला होता. त्याच्या कडेला लहानसं लेबल होतं, पांढरा, निळा आणि लाल रंग असलेलं. सोबत चिठ्ठी होती की हाताला असा लागणारा माल हवा. आम्ही सूत बदललं, लूपची उंची बदलली, फणी बदलली. हाताला तो माल कधी तसा लागला नाही. ती ऑर्डर गेली. तो रुमाल माझ्या कपाटात राहिला.

मी इमाबारीला चार रात्री दिल्या आणि क्योटोला एक. मुलगा नाराज झाला. माझा हिशेब मला सरळ वाटत होता. क्योटो म्हणजे देवळं, इमाबारी म्हणजे टॉवेल, आणि मी टॉवेलचा माणूस. या हिशेबात एक चूक होती, ती मला शेवटच्या दोन दिवसांत कळली.

क्योटोबद्दल आणखी एक अडचण होती. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे मेपलची पानं लाल होतात आणि सगळा जपान ती बघायला लोटतो. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही रात्री परवडेल अशी एकही खोली मिळेना. म्हणून क्रम ठरला तो खोल्यांनी ठरवला. आधी इमाबारी, मग क्योटो, तिथूनच विमानतळ. भाड्याचा प्रश्न सात दिवसांच्या रेल्वे पासने सुटला. तेव्हा तो २९,११० येनला होता, म्हणजे आपले अठरा-एकोणीस हजार. रक्कम ऐकून छातीत धस्स झालं, पण नागोया ते इमाबारी आणि परत क्योटो एवढा प्रवास सुट्या तिकिटांनी केला असता तर पैसे त्याच घरात गेले असते. एवढंच लक्षात ठेवायचं की त्या पासवर नोझोमी गाडी चालत नव्हती, हिकारी चालायची.

शुक्रवारी सकाळी निघालो. ओकायामाला बुलेट ट्रेन सोडून इमाबारीकडे जाणारी शिओकाझे गाडी पकडली. ही गाडी सेतो समुद्रावरच्या पुलावरून शिकोकू बेटावर उतरते. १९८८ साली झालेला हा पूल सुमारे १३ किलोमीटरचा आहे. वरून मोटारी जातात, खालून रेल्वे. लोखंडी पट्ट्यांच्या फटींतून खाली लहान लहान बेटं दिसतात आणि त्यांच्यामधून मालवाहू जहाजं सरकत असतात. मी टॉवेलचा माणूस, त्यामुळे मला तो समुद्र ताणा आणि ती जहाजं बाणा वाटत होती. त्या वेळी मन फार हलकं होतं.

दुपारी इमाबारीत उतरलो तर गाव सामसूम. दुकानांची शटर्स खाली, रस्त्यावर चार सायकली. सोमवारी सकाळी दहाला एका गिरणीने मला यायला सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी आणखी दोन-तीन ठिकाणी दार वाजवावं, असा माझा बेत होता. हॉटेलातल्या बाईंनी मोबाईलवर जपानी बोलून मला इंग्रजी वाक्य दाखवलं. २३ नोव्हेंबर ही जपानची राष्ट्रीय सुट्टी. नावच असं की श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्याचा दिवस. त्याला लागून शनिवार-रविवार. सोमवारपर्यंत एकही माग फिरणार नव्हता.

मी ग्राफच्या कागदावर तास मोजले होते, वार मोजले नव्हते. आमच्याकडे बाहेरगावचा व्यापारी आला आणि त्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेमुळे सगळं बंद असलं, तर आपण म्हणतो की याने विचारून यायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं. क्योटोच्या खोल्या त्या तीन दिवसांत का मिळत नव्हत्या, याचंही उत्तर तेव्हाच मिळालं.

पण त्या रिकाम्या अडीच दिवसांना मी वाया गेलेले म्हणणार नाही. शनिवारी सकाळी किल्ल्यावर गेलो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या किल्ल्याच्या खंदकात समुद्राचं पाणी येतं. भरती-ओहोटीबरोबर खंदक वरखाली होतो आणि त्यात समुद्रातले मासे फिरतात. आमच्या सोलापूरच्या भुईकोटाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी लागून आहे. तटाजवळ उभा राहिलो तेव्हा आपल्या तटाची आठवण आली. नंतर टॉवेल संघाच्या मोठ्या दुकानात गेलो आणि तिथे तीन तास राहिलो. खिशात पिकग्लास, म्हणजे दोरे मोजायचं भिंग, होती. विक्रेतीची परवानगी घेतली आणि एकेका टॉवेलवर ती ठेवून इंचात किती दोरे, किती बाणे, लूप किती उंच, सुताला पीळ किती, असं सगळं वहीत उतरवलं. तिने मला खुर्ची आणून दिली. तिथल्या एका हातरुमालाच्या किमतीत आपल्याकडे अख्खी चादर येते. लोक ती किंमत देत होते आणि रुमाल कागदात बांधून घेत होते.

या गावाचं चरित्र आमच्यासारखंच आहे, हे त्या दोन दिवसांत वाचून आणि बघून समजलं. इमाबारीत टॉवेल सुरू झाला तो १८९४ साली. सोलापुरात जुनी मिल १८७७ ला उभी राहिली. माझे आजोबा तेलंगणातून आले ते मिलच्या भोंग्याच्या ओढीने. मिल बंद पडल्यावर त्या कामगारांच्या हातातली विद्या साखर पेठेत, भवानी पेठेत, रविवार पेठेत घरोघरच्या मागांवर गेली. इमाबारीत १९७० च्या दशकात टॉवेलचे पाचशेच्या आसपास कारखाने होते. मग चीन आणि व्हिएतनाममधून स्वस्त माल आला आणि कारखाने शंभराच्या घरात उतरले. उरलेल्यांनी २००६ मध्ये एकत्र येऊन काशिवा सातो या डिझाइनरकडून एक चिन्ह करून घेतलं, पांढरं, निळं आणि लाल. तेच माझ्या कपाटातल्या रुमालावरचं. ते लावायचं तर कसोट्या पार कराव्या लागतात, आणि लेबलवरच्या क्रमांकावरून कोणी विणलं ते कळतं.

आमच्या चादरीला आणि आमच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, २००५-०६ पासून. तरी सोलापुरी म्हणून दुसरीकडे विणलेली चादर आपल्याच स्टेशनबाहेर विकली जाते, आणि आम्ही चहाच्या टपरीवर त्यावर चडफडतो. इमाबारीच्या लोकांनी नाव मिळवलं आणि त्या नावावर पहारा बसवला. तो पहारा सरकारी नाही, कारखानदारांच्या संघाचा आहे. हे आमच्याकडे अजून झालेलं नाही, आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

रविवारी संध्याकाळी समुद्राकाठी बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. बायकोने बारा भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, पंधरा दिवस झाले तरी त्या कुरकुरीत होत्या. समोर कुरुशिमाच्या सामुद्रधुनीवरचे झुलते पूल एकापुढे एक दिसत होते. पाच वाजताच अंधार पडू लागला.

सोमवारी दहाच्या ठोक्याला गिरणीत गेलो. गिरणी लहान होती, वीसेक माग. दाखवणारे गृहस्थ सत्तरीचे होते, अंगात निळा कामाचा सदरा. दुभाष्या म्हणून त्यांच्या नातीचा मोबाईल. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती मागांचा वेग. आमच्याकडे नवा माग आला की मिनिटाला किती बाणे पडतात हे आधी विचारतात. त्यांनी काही माग मुद्दाम हळू ठेवले होते, कारण त्यांवर कमी पिळाचं सूत चाललं होतं आणि ते ताण सोसत नाही. विणकाम आमच्यासारखंच होतं. आधी सूत रंगवायचं, मग विणायचं. जमिनीचा ताणा वेगळा, लूपचा वेगळा. तीन बाणे पडले की फणी पुढे ठोकते आणि लूप उभं राहतं. मी हातानेच खुणा करत होतो आणि त्यांना सगळं कळत होतं.

मी आमच्या कारखान्यातला एक नॅपकिन सोबत नेला होता. तो त्यांना दिला. त्यांनी तो गालाला लावला, उजेडात धरला, मान हलवली. मग एका कोपऱ्यातून एक सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापून घेतला आणि काचेच्या भांड्यातल्या पाण्यावर अलगद सोडला. इमाबारीची ही मुख्य कसोटी आहे. तुकडा पाच सेकंदांत बुडू लागला पाहिजे. त्यांनी आधी स्वतःचा तुकडा टाकून दाखवला होता. तो दोन आकडे मोजेपर्यंत खाली गेला होता.

आमचा तरंगत राहिला. पाच झाले, दहा झाले, तीस झाले. मी मोजायचं थांबवलं. ते थांबले नाहीत. दोन मिनिटं ते तसेच वाकून पाहत होते. मग त्यांनी तो नॅपकिन गरम पाण्यात नुसता धुतला, पिळला, पुन्हा धुतला, असं तीन वेळा करून सुकवणीच्या यंत्रात टाकला आणि पुन्हा एक तुकडा कापला. या वेळी तो चौथ्या सेकंदाला खाली गेला.

मोबाईलवर वाक्य आलं, "विणकाम चांगले आहे. वरचे लेपण वाईट आहे."

मी मास्टर असून हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानात गिऱ्हाईक टॉवेल हातात घेतं तेव्हा तो रेशमासारखा लागावा म्हणून शेवटच्या पाण्यात सिलिकॉनचं सॉफ्टनर घालतात. हाताला मऊ लागतो, पण सुतावर तेलकट थर बसतो आणि पाणी आत जात नाही. त्यात ताण्याला लावलेली खळ पूर्ण निघालेली नसते, कारण ती काढायला पाणी लागतं. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी तीन-चार दिवसांआड यायचं. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही. टँकर विकत घ्यावा लागतो. म्हणून धुणं कमी आणि लेपण जास्त. इमाबारीत डोंगरातून येणाऱ्या सोजा नदीच्या खोऱ्यातलं पाणी मऊ आहे. त्याच्या जोरावर ते सूत धुतात आणि रंगवतात. जपानच्या मानाने तिथेही पाऊस कमीच पडतो, पण त्या पाण्यात क्षार नाहीत. दहा वर्षं आम्ही सूत, फणी आणि लूप बदलत होतो. उणीव शेवटच्या पाण्यात होती.

त्या दिवशी मी गिरणीत सहा तास होतो. तेवढे पुरले. खरं सांगायचं तर पहिल्या दोन तासांतच मला हवं ते मिळालं, पुढचे चार मी मागाच्या आवाजासाठी थांबलो. निघताना त्या गृहस्थांनी विचारलं, पुढे कुठे? क्योटो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, निशिजिनला ना? मी म्हटलं, देवळं बघायला. त्यांना मोबाईलने चुकीचं सांगितलं असं वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं. मग एका कागदावर पत्ता लिहून दिला आणि तिथल्या तिथे कोणाला तरी फोन लावला.

मंगळवारी पहाटे निघून दुपारच्या आत क्योटोला पोचलो. स्टेशनवर सामान ठेवायचे सगळे कप्पे भरलेले. बॅग घेऊनच भुयारी गाडीने इमादेगावाला उतरलो आणि पश्चिमेकडे चालत गेलो. बंद लाकडी जाळीची घरं, एकाला एक चिकटलेली, समोरून अरुंद आणि आत लांबच लांब. चार घरं ओलांडली आणि आतून माग ऐकू आला. मी रस्त्यातच थांबलो. साखर पेठेच्या बोळात दुपारी दीड वाजता असाच आवाज येतो. पुढे उंबऱ्यावर चपला, मागच्या खोलीत माग.

निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी. १४६७ पासून दहा वर्षं क्योटोत यादवी चालली, तेव्हा पश्चिमेकडच्या सैन्याचा तळ इथे होता. लढाई संपल्यावर पांगलेले विणकर परत आले आणि त्या जागेवर बसले. तेव्हापासून तिथे रेशमी आणि जरीचं कापड विणलं जातं, किमोनोवर बांधायचा रुंद पट्टा त्यातला मुख्य. हे मी जायच्या आधी वाचायला हवं होतं. माझ्या मुलाच्या यादीत सतरा ठिकाणं होती, निशिजिन नव्हतं. ती त्याची चूक नाही. मी त्याला देवळांची यादी मागितली होती.

पत्त्यावरचं दार एका आजोबांनी उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा धंदा विणण्याचा नव्हता, नक्षी जॅकार्डच्या पत्त्यांवर उतरवण्याचा होता. म्हणजे माझाच. खोलीत भिंतभर जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या माळा टांगल्या होत्या, भोकं पाडलेल्या, दोऱ्याने ओवलेल्या. मी सतराव्या वर्षी अशोक चौकाजवळच्या एका खोलीत हेच काम शिकलो. ग्राफची एक ओळ वाचायची, बोटांनी कळा दाबायच्या, पायाने पायटा मारायचा, एक पत्ता तयार. एका चादरीच्या नक्षीला असे हजारो पत्ते. कोपऱ्यात झाकून ठेवलेलं यंत्र त्यांनी उघडलं. माझ्या तोंडून आपोआप शब्द गेला, "पियानो."

आम्ही सोलापुरात त्या यंत्राला पियानोच म्हणतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पियानो." त्यांच्याकडेही तेच नाव. त्यानंतर मोबाईल बराच वेळ खिशात राहिला.

त्यांनी मला बसवलं. मी बोटं ठेवली. कळांची मांडणी थोडी वेगळी होती, पण पायटा त्याच जोराचा. वीस वर्षांत मी हे काम केलं नव्हतं, आमच्याकडे सगळं संगणकावर गेलं. त्यांच्याकडेही गेलंय. काही घरांतल्या मागांना अजून फ्लॉपी लागते आणि ती मिळत नाही, हे त्यांनी हातात एक जुनी फ्लॉपी धरून सांगितलं. माझ्या टेबलाच्या खणात अशा दोनशे पडून होत्या. पुढे त्यातल्या पन्नास मी त्यांना टपालाने पाठवल्या.

त्यांच्याकडूनच निशिजिनच्या जॅकार्डची गोष्ट ऐकली. १८६९ मध्ये राजधानी टोकियोला गेली, सम्राट गेला, सरदार गेले, आणि निशिजिनचं गिऱ्हाईकच संपलं. तेव्हा १८७२ साली इथून तिघांना फ्रान्समधल्या लियोंला पाठवलं, जॅकार्ड शिकायला. दोघे पुढच्या वर्षी यंत्रं घेऊन परतले. तिसरा, योशिदा चुशिची, आणखी शिकायला मागे राहिला. १८७४ मध्ये तो परत येत असताना जपानच्या किनाऱ्याजवळच जहाज बुडालं आणि तो गेला. आजोबा हे सांगताना असे बोलत होते की जणू कालपरवाची गोष्ट आणि त्यांच्याच गल्लीतला मुलगा. मीही कारखान्याच्या खर्चाने यंत्र शिकायला परदेशी आलेला माणूस होतो. मला काही वेळ बोलता आलं नाही.

संध्याकाळी पाच वाजले. ते म्हणाले, उद्या सकाळी या, बायको विणून दाखवेल.

बुधवारी नऊला गेलो. आजी त्सुझुरे नावाचं विणकाम करतात. त्यात बाणा फणीने नाही, नखांनी ठोकतात. त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. मधल्या बोटांची नखं कानशीने घासून करवतीसारखी दातेरी केलेली. त्या दातांत रंगीत रेशमी दोरा धरून त्या तो खाली ओढत होत्या. नक्षी अवघड असली की दिवसभरात बोटभर कापडही होत नाही. नखं रोज घासावी लागतात. मला त्यांच्याजवळ दोन दिवस बसायचं होतं. मिळाले अडीच तास.

साडेअकराला आजोबांनीच मला बसमध्ये बसवलं. सोन्याचं देऊळ तिथून पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मी घरच्या फोटोबद्दल त्यांना सांगितलं होतं. तळ्याकाठी शेकडो माणसं, लाल पानं, मधे ते देऊळ. १९५० मध्ये जळलेलं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं केलेलं. एका शाळकरी मुलीने माझा फोटो काढला. पंधरा मिनिटं थांबलो. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे आणि त्या पंधरा मिनिटांचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

विमानतळाच्या गाडीत बसल्यावर ग्राफचा कागद काढला. अठ्ठावन्नपैकी निशिजिनला गेलेले तास साडेसात. गाडी समुद्रावरच्या पुलाला लागण्याआधी इझुमिसानो नावाचं गाव लागलं. जपानमधला पहिला टॉवेल १८८७ साली याच भागात विणला गेला, हेही आजोबांनीच सांगितलं होतं. तिथे माल कोरा विणतात आणि नंतर धुऊन पांढरा करतात. लेपणाचा प्रश्न असलेल्या माणसाने तिथे अर्धा दिवस तरी उतरायला हवं होतं. मी खिडकीतून पाहिलं आणि गाडी पुढे गेली.

परत आल्यावर शेठांना भांडं आणि तुकडा दाखवला. आधी ते चिडले, मग दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाण्याचा खर्च किती येईल ते काढा." एका लाइनवर सॉफ्टनर बंद केलं, एक धुणं वाढवलं, पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं. दर नगामागे खर्च वाढला. दोन व्यापाऱ्यांनी माल कडक लागतो म्हणून परत पाठवला, एकाने मागणी दुप्पट केली. आता माझ्या टेबलावर काचेचा पेला असतो आणि नवा लॉट आला की त्यात एक तुकडा पडतो. सगळे तुकडे पाच सेकंदांत बुडत नाहीत. सात-आठपर्यंत आलोय.

सोलापुरातून टॉवेल-चादरीच्या कामातलं कोणी जपानला निघालं की माझ्याकडे विचारायला येतं. मी त्यांना असं सांगतो. इमाबारीला दोन रात्री पुरतात, पण त्यांत सोमवार ते शुक्रवारमधला एक पूर्ण दिवस असला पाहिजे. जायच्या आधी जपानच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा. गिरणीला महिनाभर आधी पत्र लिहा आणि आपल्या कारखान्याचा एक टॉवेल सोबत न्या, न धुतलेला. क्योटोला तीन रात्री द्या, त्यांतले दोन दिवस निशिजिनला. एकच शहर जमत असेल आणि तुम्ही नक्षीच्या कामातले असाल, तर क्योटो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, खोली मिळत नाही.

आणि जायचं मनात असेल तर लांबवू नका. पियानोवर बसणारे ते आजोबा २०१८ मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, आणि त्यांच्या खोलीत शिकणारं कोणी नव्हतं.